पद्माळ्याची किंमत

१३ ऑक्टोबर, रविवार

सुलक्षणा म्हणाली, ऑफिसातून आल्यावर रोज माझं डोकं खातोस, त्यापेक्षा वहीत लिही. म्हणून ही वही आणली. तिच्या डोक्याला आराम आणि माझा राग कागदावर.

रागाचं पहिलं कारण म्हणजे आमची आखातातली, जबल अलीची लॉजिस्टिक्स कंपनी. सगळं अकाउंट्स खातं चेन्नईला हलवायचं ठरलंय. ज्यांचे हिशेब एकोणीस वर्षं जुळवले त्यांनी अकरा ओळींचा मेल पाठवला. माझा शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी. त्यानंतर थोडीफार मुदत मिळेल, पण दुसरी नोकरी नसेल तर व्हिसा नाही. व्हिसा नाही म्हणजे शारजातला अल नहदाचा फ्लॅट नाही, आणि अकरावीतल्या लेकीला, इशिताला, शाळा अर्धवट टाकून कोल्हापूरला न्यायचं. ती मराठीत 'पाणी दे' एवढंच नीट म्हणते.

दुसरं कारण, आज पद्माळा हरलं. पद्माळा म्हणजे आमचं कोल्हापूरचं कॉलेज. इथं केरळ, गोवा, कोल्हापूर अशा बारा कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांच्या फुटबॉल टीम आहेत. थंडीभर रविवारी संध्याकाळी अल कुसैसच्या भाड्याच्या मैदानावर लीग चालते. आमची नऊ माजी विद्यार्थ्यांची कमिटी आहे आणि मी सेक्रेटरी. कॉलेजात मी कधी बॉलला पाय लावला नाही. मी टीमचे हिशेब ठेवायचो आणि हाफटाइमला लिंबं मोजून वाटायचो. इथंही साधारण तेच करतो.

हरलो तरी आमचे साडेतीनशे लोक शेवटपर्यंत उभे होते. मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पातून बसनं येतात, पाण्याच्या मोठ्या रिकाम्या बाटल्या हलगीसारख्या बडवतात. आमचा स्ट्रायकर ओवेस शारजात गॅरेजमध्ये काम करतो. त्यानं आज मोकळा गोल घालवला, तेव्हा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. समोरच्या टीमकडे सत्तर लोक असतील, तेही मोबाइलमध्ये तोंड घालून.

सत्यजित आला होता. कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे. आता 'ताटवाटी फूड्स'चा मालक, फ्रोजन थालीपीठं नऊ देशांत विकतो. सगळा वेळ मैदानाकडे पाठ करून तो आमच्या लोकांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "अंबादास, ह्या सगळ्याची व्हॅल्यू किती? कधी काढलीयस?"

नाही म्हणताना मला लाज वाटली. जन्म हिशेबात गेला आणि घरच्याच वस्तूची किंमत माहीत नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सत्यजितनं करामा भागात जेवायला बोलावलं. त्याला टीम विकत घ्यायची आहे. फुटबॉलचं त्याला फार काही नाही, पण म्हणतो, जाहिरातीवर वर्षाला चार लाख दिरहम घालवतो, म्हणजे जवळजवळ ब्याण्णव लाख रुपये, तरी थालीपीठासाठी कोणी कुणाच्या सात पिढ्या काढत नाही. असली माणसं त्याला हवीत. अमेरिकेत म्हणे कॉलेजांच्या फुटबॉल टीमची किंमत लोक काढून छापतात. मला म्हणाला, तू आपली काढ.

आणि टीम घेतली तर तिला पूर्णवेळ क्लब मॅनेजर लागेल. व्हिसा कंपनीचा, पगार आत्ताच्यापेक्षा थोडा जास्तच.

परत येताना ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो. पण आज एकदाही हॉर्न वाजवला नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आज सामना नव्हता. भिकाजीकडे गेलो.

भिकाजी गगनबावड्याकडचा, इथं शटरिंगच्या कामावर फोरमन आहे. मुहैस्नाहच्या कॅम्पात चौदा वर्षं राहतोय. कॉलेजचं तोंड त्यानं आतून पाहिलेलं नाही. तरुणपणी कोल्हापुरात हमाली करायचा आणि पद्माळ्याच्या मैदानाच्या भिंतीवर बसून सामने बघायचा. आमच्या वर्गणीची वही तोच सांभाळतो. महिन्याला माणशी दहा दिरहम, म्हणजे दोनशे तीस रुपये. त्यातून मैदानाचं भाडं, जर्सी, पाणी, बस.

मी वही मागितली तर लगेच पुसून हातात दिली. "बघा की भाऊ, तुमचीच हाय." खोलीत सहा जण राहतात, त्यातल्या एकानं चहा टाकला.

वही बघून मी थक्क झालो. तीनशे बासष्ट नावं. त्यांतले आमच्या कॉलेजचे फक्त अडतीस. बाकी सगळे गवंडी, सुतार, वेल्डर, सफाईवाले. कोणी सुट्टीवर गावी गेला तर पुढे लिहिलेलं आहे, 'परत आल्यावर दोन महिन्यांची एकदम दिली.' एका नावापुढे 'मयत' लिहिलंय, आणि त्याच्याखाली सात महिने दहा-दहा मांडलेले. मी विचारलं तर भिकाजी म्हणाला की त्याच्या खोलीतल्या पोरांनी सीझन संपेपर्यंत त्याचे भरले.

असा ग्राहक जगात कुठल्या धंद्याला मिळतो? मेला तरी पैसे येत राहतात. मी सगळ्या पानांचे फोटो काढले. भिकाजीला वाटलं मी कौतुकानं काढतोय. खरं तर कौतुकच होतं ते.

२ नोव्हेंबर, शनिवार

झालं. चौदा पानी अहवाल.

तीनशे बासष्ट माणसं, महिना दहा दिरहम, वर्षाचे त्रेचाळीस हजार चारशे चाळीस. हे झालं प्रेक्षकांकडून येणारं उत्पन्न. त्याला पाचनं गुणलं. गळती शून्य धरली, कारण वहीत ती शून्यच आहे. वर नाव, जर्सीचा पिवळा-निळा रंग आणि एकवीस वर्षांची पुण्याई. बेरीज दोन लाख पंच्याहत्तर हजार दिरहम. त्रेसष्ट लाख रुपये. सुलक्षणाला आकडा वाचून दाखवला, तेव्हा तिनं कणीक मळायची थांबवली.

इशितानं माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "बाबा, दीज आर जस्ट पीपल्स नेम्स." मी म्हटलं, अगं, म्हणूनच तर किंमत आहे. तिनं इअरफोन घातले.

कमिटीत मांडायचं कसं, हे मी ठरवलंय. पैसा आम्ही कोणी खाणार नाही. सगळा कॉलेजच्या मैदानाला, तिथं नवी गॅलरी बांधायला. शिवाय परवान्याशिवाय लोकांकडून पैसे गोळा करणं इथल्या कायद्यात बसत नाही, आणि आम्ही एकवीस वर्षं ते करतोय. उद्या काही झालं तर भिकाजीची मान अडकेल. कंपनी आली की सगळं रीतसर. माझी नोकरी त्यात आहे हे मी लपवणार नाही, फक्त सगळ्यात शेवटी सांगेन.

२४ नोव्हेंबर, रविवार

सह्या झाल्या. नऊपैकी आठ जण हो म्हणाले. नववा नागेश, अबुधाबीत डॉक्टर आहे. तो म्हणाला, एकदा कॅम्पातल्या लोकांना विचारायला हवं होतं. मी म्हटलं, डॉक्टर, ते कमिटीत नाहीत, माजी विद्यार्थी नाहीत, त्यांना घटनेप्रमाणे मतच नाही.

सत्यजितची एक अट आहे. आत्ता चौथा हिस्सा पैसे. बाकीचे आणि माझी नेमणूक सीझनच्या शेवटच्या सामन्यानंतर, १६ फेब्रुवारीला. त्या दिवशी गेटवर तीनशे तिकिटं स्कॅन झाली पाहिजेत. म्हणाला, "आधीचे सामने जाऊ देत. लोकांना सवय लागायला वेळ लागतो. शेवटचा मात्र सॉलिड पाहिजे." स्कॅन म्हणजे माणूस तिकीट घेऊन आत आलेला हवा, आपणच तीनशे तिकिटं विकत घेऊन चालणार नाही. तेवढा धूर्त तो आहेच.

मी हसत सही केली. एकवीस वर्षांत साडेतीनशेच्या खाली आम्ही कधी फारसे गेलोच नाही.

८ डिसेंबर, रविवार

भिकाजीला आनंदाची बातमी द्यायला गेलो होतो. तो दाढी करत होता, तसाच फेस लावलेल्या तोंडानं ऐकत राहिला.

मी सगळं समजावलं. नवीन नाव 'ताटवाटी टायगर्स', नवीन लाल जर्सी, खेळाडूंना सामन्यामागे मानधन, मैदान तेच, बस कंपनीची एसी. आणि मुख्य म्हणजे वर्गणी बंद, खलास. आता ज्याला यायचं त्यानं त्या दिवसाचं तिकीट काढायचं, पंधरा दिरहम. महिनाभर वही घेऊन खोल्या-खोल्यांतून हिंडायची त्याची कटकट गेली.

त्यानं विचारलं, "मग टीम आता कुणाची?"

"टीम तुमचीच हो. कंपनी फक्त चालवणार."

त्यानं टॉवेलनं तोंडावरचा फेस पुसला. मग त्यानं वहीतली शिल्लक आणली, एक हजार एकशे चाळीस दिरहम, रबर लावलेले. हे कुणाला द्यायचे म्हणून विचारलं. मी म्हटलं, कंपनीत जमा करू. तो म्हणाला, "लोकांना इचारतो, साहेब." आणि पैसे परत ट्रंकेत ठेवले. आधी भाऊ म्हणायचा. बहुधा मी आता मॅनेजर होणार हे त्याच्या कानावर गेलं असावं. मला उगाच अवघडल्यासारखं झालं, पण मानानं साहेब म्हटलं तर नको कसं म्हणायचं?

१५ डिसेंबर, रविवार

नव्या नावाचा पहिला सामना. दोनशे चार.

एसी बस अर्धी रिकामी आली. जे आले ते जुन्या पिवळ्या-निळ्या जर्सीत. गेटवरच्या पोरींनी त्यांना लाल टोप्या वाटल्या, त्या सगळ्यांनी खिशात घातल्या. डीजे लावला होता, त्यामुळे बाटल्या कोणी वाजवल्या नाहीत. आम्ही तीन-एकनं जिंकलो. ओवेसनं दोन मारले आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या, जशा शाळेच्या बक्षीस समारंभात पडतात.

सत्यजित म्हणाला, चांगली सुरुवात आहे. मी म्हटलं, वर्षअखेरीला ओव्हरटाइम असतो लोकांना.

५ जानेवारी, रविवार

एकशे एकतीस. यंदा थंडी जरा जास्त आहे.

१२ जानेवारी, रविवार

अठ्ठ्याऐंशी. आज थंडी नव्हती.

१४ जानेवारी, मंगळवार

कालपासून फोन करतोय. यादीतल्या साठ जणांना केले. सगळे अदबीनं बोलतात. "व्हय व्हय साहेब, इन्शाल्ला येऊ की." रामेश्वर म्हणून एक वेल्डर आहे. दोन वर्षांपूर्वी अंगात ताप असताना गोधडी पांघरून सामन्याला आला होता. त्याला मी सरळ विचारलं, अडचण काय आहे? म्हणाला, काय न्हाई, कपडे धुवायचे असतात रविवारी.

कपडे! ह्या माणसानं मेलेल्या दोस्ताची सात महिने वर्गणी भरलीय. त्याच खोलीतला आहे तो, मी वहीत पाहिलंय. आणि आता ह्याला कपडे धुवायचे असतात. निष्ठा निष्ठा म्हणून मी चौदा पानं लिहिली, ती काय धोब्याकडे टाकण्यासाठी?

अहवाल पुन्हा काढून तपासला. आकडेमोडीत कुठंच चूक नाही.

१९ जानेवारी, रविवार

तिकीट पाच दिरहम केलं. म्हणजे एकशे पंधरा रुपये, चहा-समोशाची किंमत. महिन्यात दोनदा आलं तर जुन्या वर्गणीएवढंच होतं, पै जास्त नाही. हे मी बोर्डावर मराठीत लिहून कॅम्पाच्या मेसमध्ये लावलं.

आले चौऱ्याहत्तर.

२६ जानेवारी, रविवार

आज फुकट. सत्यजितनं प्रजासत्ताक दिनाचं निमित्त काढून शून्य दिरहमची तिकिटं छापली आणि प्रत्येक माणसाला थालीपिठाचं एक पाकीट. मी स्वतः दोनशे तिकिटं कॅम्पात नेऊन भिकाजीच्या हातात दिली. त्यानं ती मोजून घेतली आणि वाटतो म्हणाला.

आले बावन्न. दहा दिरहम देऊन साडेतीनशे यायचे, फुकट बावन्न येतात. हे अर्थशास्त्र मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही.

थालीपिठाची तीनशे पाकिटं डीप फ्रीजरमध्ये परत गेली. सत्यजित जाताना एवढंच म्हणाला, "अंबादास, गळती शून्य लिहिलं होतंस ना?"

२८ जानेवारी, मंगळवार

जेवताना सुलक्षणा म्हणाली, गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणपतीला एका बँकेनं सगळा खर्च दिला होता, मखरावर बँकेचं नाव लावलं होतं, तेव्हा तू आरतीला गेला नव्हतास. त्याच्या आधी बारा वर्षं एक आरती चुकवली नव्हतीस.

मी म्हटलं, मला तेव्हा सर्दी झाली होती.

"दहा दिवस?" ती म्हणाली.

हिला फुटबॉल कळत नाही. गणपतीचा इथं काय संबंध? शिवाय ते मखर दिसायलाही बरं नव्हतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी नोकरी शोधायला सुरुवात केली. सत्तेचाळीसाव्या वर्षी. तेवीस ठिकाणी बायोडेटा पाठवला. एका कंपनीतून एक मुलगी बोलली, इशितापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी असेल. मला विचारलं, पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठं बघता? मी म्हटलं, शारजात. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

एकेचाळीस. ह्यातले सव्वीस सत्यजितच्या ऑफिसचे.

सामना हरलो. नंतर ओवेस बूट हातात घेऊन माझ्याकडे आला. मानधनाचे तीनशे दिरहम त्यानं पाकिटासकट परत केले. मी विचारलं, कमी पडतात का? बोलताना तो मान वर करेना.

"पैसा जादा आहे, अंबादासभाई. पण ग्राउंडवर आवाजच नाही. मी गोल सोडला तर कोणी आईवरून बोलत नाही मला. मग वाटतं, कुणासाठी पळतोय?"

म्हणजे ह्याला शिव्यांची सवय. असले खेळाडू आणि असले प्रेक्षक. आयुष्यात पहिल्यांदा कोणी ह्यांना नीट जर्सी, नीट गाडी, नीट पैसे दिले, तर ह्यांना पचत नाही. मी बापासारखा ह्यांच्या मागं लागलोय, आणि हे माझ्या मुळावर उठलेत. होय, मुळावरच. पुढच्या रविवारी तीनशे माणसं आली नाहीत तर माझा संसार उचलून विमानात घालावा लागणार आहे. हे भिकाजीला माहीत आहे. मागच्या आठवड्यात मी सांगितलं त्याला. सांगताना माझा आवाज फुटला होता, हेही इथं लिहून ठेवतो.

त्यानं माझा हात धरला होता. म्हणाला, "साहेब, तुमच्या घरावर संकट असंल तर आम्ही दहा-दहा दिरहम गोळा करून देतो की. तुम्ही फकस्त बोला."

मला भीक नको होती. मला तीनशे माणसं हवी होती. मी हात सोडवून निघून आलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं सविस्तर लिहितो, नाहीतर झोप येणार नाही.

सामना साडेचारचा होता. चार वाजल्यापासून मी गेटवर उभा. स्कॅन करणाऱ्या मुलीजवळच्या मशीनवर आकडा दिसतो, मी तोच बघत होतो. पावणेपाचला एकोणीस. हाफटाइमला तेहेतीस. सुलक्षणा आणि इशिता आल्या, तो आकडा पस्तीस झाला. इशितानं मला न विचारता लाल टोपी घातली होती. तिनं माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि मराठीत म्हणाली, "येतील, बाबा." तेवढं तिनं बोलायला नको होतं.

सदतीसवर मशीन बंद केलं.

सत्यजितनं तमाशा केला नाही, हे कबूल केलं पाहिजे. गाडीजवळ उभा राहून म्हणाला की अट कागदावर आहे, त्याचा इलाज नाही. बाकीचे पैसे देणार नाही आणि पुढच्या वर्षी टीमही चालवणार नाही. नाव आणि रंग त्याच्याकडेच राहतील, कारण त्यांचे पैसे दिलेले आहेत. नेमणुकीचं मी विचारलंच नाही.

बायको-पोरीला टॅक्सीत बसवलं आणि मी थेट मुहैस्नाह गाठलं. समजूत घालायला मी गेलो नव्हतो, मला भांडायचं होतं. आज भिकाजीला तोंडावर विचारायचं की बाबा रे, मी तुझं काय वाकडं केलं होतं? गाडीत दोन वाक्यं पाठ केली होती.

खोलीला कुलूप होतं. मेसमध्येही कोणी नाही. कॅम्पाच्या मागच्या बाजूला मोकळी रेती आहे, तिथून आवाज येत होता. बाटल्या वाजत होत्या.

दगडांचे गोलपोस्ट होते, रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड. दोन टीम खेळत होत्या, शटरिंगवाले आणि सळईवाले. सळईवाल्यांकडून ओवेस खेळत होता, जो आज आमच्या सामन्याला आलाच नव्हता. लाल जर्सीत नऊ मिनिटं पळून दमणारा ओवेस इथं अनवाणी धावत होता, आणि रामेश्वर त्याच्या आईचं नाव घेऊन ओरडत होता. चारी बाजूंनी माणसं दाटीवाटीनं उभी. मी सवयीनं मोजायला लागलो. मोजलं नसतं तर बरं झालं असतं. तीनशे बारा.

बऱ्याच जणांच्या अंगात जुनी जर्सी होती, पण उलटी. आतली बाजू बाहेर, शिवण दिसणारी. मला आधी वाटलं घाईत घातली असेल. मग दिसलं की सगळ्यांचीच तशी आहे.

भिकाजीनं मला बघितलं आणि गर्दीतून वाट काढत आला. मी पाठ केलेलं काहीच आठवेना. तोंडातून एवढंच आलं की जर्सी उलटी का घातलीय?

"नाव तर तुम्ही इकलंय न्हवं," तो साधेपणानं म्हणाला. "दुसऱ्याच्या मालकीचं नाव अंगावर घालून कसं हिंडायचं? पण कपडा आमच्या वर्गणीतला हाय, त्यो टाकवंना. म्हणून उलटा घातला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी भांडलो असतो.

मग त्यानं मागं वळून हाक मारली. कोणीतरी पळत मेसकडे गेलं आणि एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आलं. भिकाजीनं ती खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि अगदी पुढं, रेषेजवळ ठेवली. पुढं उभे असलेले लोक बाजूला सरकले, मला नीट दिसावं म्हणून. मी म्हटलं, अरे, मी उभा राहतो की सगळ्यांबरोबर. त्यानं ऐकलं नाही. मला दंडाला धरून बसवलंच.

तेवढ्यात वही फिरत फिरत आली. तीच वही. ज्याच्याकडे आली तो दहा देत होता, आणि पेन पुढच्याकडे जात होतं. माझ्याजवळ आल्यावर मी पाकीट उघडलं. सुटे नव्हते, म्हणून वीसची नोट काढली. वही धरणाऱ्यानं भिकाजीकडे पाहिलं. भिकाजीनं माझ्या हातातली नोट घेतली, नीट घडी घातली आणि माझ्याच शर्टाच्या खिशात ठेवली. वरून खिसा थोपटला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पाहुण्याकडनं वर्गणी घेत न्हाई आम्ही. बसा, चहा येतोय."

आणि वही पुढच्या माणसाकडे गेली.

मी चहा प्यायलो. सामना संपेपर्यंत बसलो. त्या सगळ्या मैदानात खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर मी होतो.